कोकराच्या कानातला उजेड

१२ जानेवारी २००४, पुणे

पुन्हा तेच! सूक्ष्मदर्शकाचा लेझर लागतो, पण उजेडाचे ठोके पडत नाहीत. नुसता संथ उजेड काय चाटायचाय? आरशाला टिचक्या मारून बोट दुखलं. गाईड सर म्हणाले, रंग लालच्या पलीकडं ने, डोळ्याला दिसेनासा झाला की तो मांसात खोल शिरतो. मान्य. पण आधी ठोके देईल तर ना मेला!

१८ जानेवारी, मांडवगण

आबा गावभर सांगतात, आमची लेक प्रगती पुण्यात लाईट लावती. सोजरकाकूंनी तर मला घरचं मीटर बघायला बोलावलं. झाले मी वायरमन! हसले, पण लागलं. आबांना एकदा, एकदाच, माझं काम डोळ्यांनी दाखवायचंय. बाकी कुणी नाही बघितलं तरी चालेल.

नव्या कोकरांच्या कानांना खाचा पाडल्या, आमच्या मेंढरांच्या खांडाची खूण. यंदा कात्री आबांऐवजी चुलतभाऊ बन्सीदादाकडं. आबा नुसते एकेक कान चाचपत बसले. कापलेला तुकडा मी मागितला तर हसायला लागले. बाटलीत घालून दिला मात्र.

२९ जानेवारी, पुणे

ठोक्यांसकट लागला!!

३० जानेवारी

काल एका ओळीपुढं लिहिलंच नाही, रात्रभर लॅबमध्येच होते. कानाचा तुकडा न चिरता आतलं दिसलं. लोकरीची मुळं हिरवी, भोवती निळ्या धाग्यांची जाळी. असं देखणं मी काहीच बघितलेलं नाही. आबांना निरोप धाडलाय.

४ फेब्रुवारी

आबा आले. केडगावहून शटल गाडीनं, बन्सीदादाच्या खांद्यावर हात ठेवून. लॅबमध्ये अंधार. सर स्टुलाला अडखळले, आबा नाही. स्क्रीनपुढं बसवलं आणि मी सांगत सुटले, हे मूळ, इथून लोकर उगवते, हे निळे धागे. आबा मान डोलवत होते.

"झाक हाय पोरी. लई झाक."

रडलेच मी. सरांसमोर!

८ फेब्रुवारी, मांडवगण

चुलीपाशी आई हळूच बोलली. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीपासून नुसतं धुकं. ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत, म्हणतात आधी पोरीचं काम होऊ दे.

आबांपाशी जाऊन बसले. का नाही सांगितलंत? मांडीवरच्या कोकराचा कान चाचपत म्हणाले, "तू येवढी हरखून सांगत व्हतीस. दिसलं की मला."

उद्या त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेते. कानाचा तुकडा लॅबच्या फ्रीजमध्ये जपून ठेवलाय, आबांना पुन्हा दाखवायला.