खामच्या पाठमोऱ्या फोटोंची वाटणी

मी, त्रान थि थोआ, वय त्रेपन्न, मयत फान वान खाम याची बायको, राहणार थू बोन नदीकाठ, लिहून ठेवते की माझं डोकं जागेवर आहे. फुप्फुस तेवढं गेलं. पुढच्या पुराचं विचारलं तर डॉक्टर खिडकीकडे बघतो. दुसरीपर्यंतच शिकले, तरी हे माझ्याच हाताने लिहिते आहे. कोणी धाक घातला नाही, दारू पाजली नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, हेच धरावं.

१. घर आणि त्याखालची जमीन मुलगी दिएप हिला. ती सायगावला बुटांच्या कारखान्यात असते. विकायचं तर खुशाल विकावं. आईची आठवण म्हणून गळकं छप्पर सांभाळत बसू नये.

२. तांदळाचे पापड वाफवायचं पातेलं, त्यावरचं फडकं आणि वाळवायच्या बांबूच्या जाळ्या शेजारीण हान हिला. फडकं ताणून बांधावं. शंभरदा सांगितलं, ऐकत नाही.

३. स्कॅनर. याचं जरा लांबण लागेल.

मागच्या मोठ्या पुरात देव्हाऱ्यावरचा खामचा फोटो भिजला. सोडवायला गेले तर तोंड काचेला चिकटून राहिलं आणि कोरा कागद हातात आला. उरलेले फोटो माळ्यावर होते, म्हणून वाचले. तेही जातील या भीतीने मी वाचनालयातल्या लिएनबाईंच्या वर्गाला गेले. कागद काचेवर पालथा घालायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं, चित्र पेन ड्राइव्हमध्ये जातं. विजेचं बिल, जमिनीचा लाल दाखला, सगळं मी तिथे नीट उतरवलं. मग जुना स्कॅनर विकत घेतला आणि घरी फोटो काढून बसले. तेवढ्यात खामची थोरली बहीण, माझ्या वन्सं फान थि मेन, आल्या.

"हे काय? भावाला तोंडावर पाडतेस?"

"वन्सं, यंत्र खालून बघतं."

"नदीतून काढला तेव्हा पालथाच होता. आणि तू परत पालथा घालतेस?"

सगळे फोटो उताणे ठेवले. उजेड एवढा मोठा फिरत होता, वाटलं कागदातून आरपार जाईल. माझ्या घरी संगणक नाही, बघणार कशावर?

चार दिवसांनी खामचं दरसालचं श्राद्ध होतं. कागदी कपडे, कागदी पैसे त्याला तिकडे पोचावेत म्हणून जाळून झाले. वन्सं म्हणाल्या, "फोटो आता यंत्रात आहेत ना? मग कागद त्याला दे. तिकडे एकटा बसलाय, लेकीचं तोंड बघेल." मला ते पटलं. एकेक करून जाळले.

पुढच्या वर्गाला लिएनबाईंनी पेन ड्राइव्ह लावला. पिवळट कागद, डिंकाचे डाग, टाचणीचा गंज.

"पुढचं काढा," मी म्हटलं.

"पुढचंही असंच आहे, काकी."

"मग त्याच्या पुढचं."

बाई दाबत राहिल्या. सगळ्या पाठी. एका पाठीवर खामच्या अक्षरात लिहिलेलं, "फोटोत दिएप हलली." बस, एवढंच. वन्संच्या घरचे फोटो आधीच पुरात गेलेले. खाम गेला तेव्हा आमच्याकडे कोणाच्या फोनला कॅमेरा नव्हता. दिएप तीन वर्षांची होती. जमिनीचा दाखला मात्र पेन ड्राइव्हवर लख्ख आहे, शिक्क्यासकट.

स्कॅनर वाचनालयाला द्यावा. त्याचा दोष नाही.

४. वन्संना माझी जाड रजई. त्या दिवसापासून त्या माझ्याकडे जेवल्या नाहीत, मीही बोलावलं नाही. माफ केलेलं नाही. त्यांना नाही, स्वतःलाही नाही. रजई थंडीसाठी आहे, तिचा दुसरा अर्थ काढू नये.

५. पेन ड्राइव्ह दिएपला. बघायचा की नाही ते तिने ठरवावं.

६. दिएपने शहरातल्या एका दुकानातून संगणकावर बापाचं चित्र करून आणलं आहे. दुकानदाराने तिचं नाक घेतलं, वन्संचे कान घेतले. चापूनचोपून केस, सरळ दात. खामचा पुढचा दात अर्धा होता.

"आई, थोडा तरी सारखा आहे का?"

"पतपेढीचा साहेब वाटतो."

"एकदा हो म्हण ना गं."

नाही म्हटलं. ते चित्र देव्हाऱ्यावर ठेवू नये. परक्या माणसाला माझ्या घरचा भात वाढायचा नाही. खरं सांगायचं तर मलाही आता डोळे मिटले की फोटोंच्या पाठीच दिसतात. अर्धा दात आठवतो, त्याच्या भोवतीचा माणूस जमत नाही. दिएप विचारते, मी काहीबाही सांगते. माझ्यामागे काहीबाही सांगणारंही घरात कोणी उरणार नाही.

७. दिएपच्या मोबाइलमध्ये माझे ढीगभर फोटो आहेत. त्यातला एकही देव्हाऱ्यावर लावू नये. त्याला चेहरा नाही तिथे मी चेहरा घेऊन बसणार नाही. उदबत्ती लावावी, भात ठेवावा, नाव घेऊन हाक मारावी. आधी त्याला, मग मला. आम्ही येऊ याची हमी मी लिहून देत नाही.

वाचलं, मान्य आहे, खाली सही केली.

त्रान थि थोआ

साक्षीदार:
१. हुइन्ह वान सांग, होडीवाला (सही)
२. दोआन थि लिएन, वाचनालय (सही)

ठिकाण: राहतं घर, थू बोन नदीकाठ, क्वांग नाम
दिनांक: १४ मे २०२३