लिंबाखालचं बेणं

अंबिका,

सकाळच्या गाडीनं मी माहूरला चाललो, तुझ्या मावससासूकडं. दोन दिवसांपासून तू हळद शिजवणाऱ्या कुकरवाल्याला शिव्या देऊन राहिलीस. त्याचा काही कसूर न्हाई. बेण्याचे गड्डे मीच शिजवले.

तू ते सासूसारखंच लिंबाखाली, तिच्याच जुन्या लुगड्यानं झाकून ठेवलं होतंस. मला वाटलं, लुगडं वाळत पडलंय. नीट घडी करून पेटीत ठेवलं आन् खालचे गड्डे कुकरात ओतले. वर कुकरवाल्याला म्हणलं, "बघ, येवढा ढीग राहून जात होता."

आता त्याला कोंब यायचा न्हाई. रंग मात्र झकास आलाय. शेजारचा सोमेश एक कांडी मोडून म्हणला, "काका, असला रंग काकूच्या टायमाला बी न्हवता." मी हाव म्हणलं. तुझ्या सासूला, मंजुळाला, दाखवायला मूठभर घेऊन आत गेलो, तवा ध्यानात आलं ती न्हाई. तसाच परत आलो.

तिनं ते बेणं माहेराहून आणलेलं, तीस वर्षं मोडू दिलं न्हाई. एक टोपली तेवढी बहिणीला दिली होती. बहिणीच्या नवऱ्याला, व्यंकटला, मी भर लग्नाच्या पंगतीत म्हणलो होतो, तुझी हळद म्हंजे पिवळी माती. अकरा वर्षं बोलणं न्हाई. आता त्याच मातीतलं एक पोतं मागायचं हाय. आधी पोटभर हसून घेईल. घेऊ दे.

कुकरवाल्याला बोलावून च्या पाज. पेटीतलं लुगडं काढून लिंबाखाली ठेव.

– देविदास