बाबांची बोटं फुटतात

मंगळवार, ४ मार्च

बाबांनी मोठा फोन घेतला. दूर टामाले शहरातल्या अडोबेआशी बोलायचंय. दोघंही जन्मापासून बहिरी, दोघांनाही वाचता येत नाही — तेव्हा मेसेज बाद. हातच दिसायला हवेत. अडोबेआ मूळची आमच्याच गावची, तिकडे बहिऱ्यांच्या शाळेत स्वयंपाक करते. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. काय बोलायचंय ते मी विचारलं नाही. गेले दोन दिवस बाबा शिवताना स्वतःशीच हसतायत, तेवढं पुरे.

बुधवार, ५ मार्च

फजिती. व्हिडिओ कॉलवर चार वाक्यं झाली नि तिकडच्या पडद्यावर बाबांचे हात चौकोन-चौकोन होऊन फुटले. अडोबेआ तिकडून हातांनी विचारते, "दहा बोटं होती ना तुला? सात कुठे सांडलीस?" बाबा हसले. फोन ठेवल्यावर मात्र शिवणयंत्राचं चाक उगीच फिरवत बसले.

शेजारचा फोनवाला लारबी म्हणाला, "फुल एचडी लाव गं अनिम्वा. एवढा महागाचा फोन शोभेला आणलाय का?" लावलं. मग तर तिकडे एकच चित्र दोन मिनिटं — बाबा, तोंड उघडं.

रविवार, ९ मार्च

लारबीचं परत ऐकणार नाही. चित्रात ठिपके जितके जास्त, तितका पाठवायचा माल, म्हणजे डेटा, जास्त. आणि आमच्या डोंगरावर नेटवर्क म्हणजे पाऊलवाट. फोन बिचारा माल दाबून-दाबून पाठवतो — मघाच्या चित्रापेक्षा आता जेवढं बदललं तेवढंच. हे नेटवर वाचलं नि बाबांच्या मागे बघितलं. पंखा फिरतोय, टांगलेले झगे हलतायत, फुलाफुलांचा पडदा उडतोय. सगळी वाट तेच अडवून बसलेत, बोटांना जागा कुठून मिळणार!

झगे उतरवले. पंखा बंद. मागे काळं कापड ठोकलं. चित्राचा दर्जा एचडीवरून ३६० वर आणला, पण सेकंदाला तीस चित्रं तशीच ठेवली. बोटं थोडी पुसट चालतील, अडखळलेली नाही. आवाजही बंद केला. तो हवाय कुणाला?

बाबा घामाघूम. "मला भाजायला बसवलंयस?"

सोमवार, १० मार्च

जमलं. चाळीस मिनिटं, एकही बोट फुटलं नाही.

मी शेजारी उभी राहून बघत होते. बाबा मध्येच थांबले. "अनिम्वा, तोंड फिरव."

दवाखान्यात, बाजारात, चर्चमध्ये — सहा वर्षांची होते तेव्हापासून त्यांचं बोलणं मीच लोकांना सांगत आले. तोंड फिरव असं कधी म्हणाले नव्हते. फिरवलं. भिंतीकडे बघत उभी. मागे हातांची सपसप. मग त्यांचं ते गडगडाटी हसू, जे त्यांनी स्वतः कधी ऐकलेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

बाबांनी विचारलं नाही, सांगितलं. "ईस्टर झाला की मी टामालेला. कायमचा. दुकान तुझं."

"आणि तिकडे तुमच्या वतीनं बोलणार कोण?"

"कुणी नाही. त्या शाळेत सगळे हातांनीच बोलतात."

मी हातोडी घेतली नि मागचं काळं कापड पुन्हा ताणून ठोकलं, ईस्टरपर्यंत टिकेल असं.