मास्तरांच्या मेंदूची तीन चित्रे

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
मेंदू चित्रण संशोधन विभाग, तिसरा मजला,
सरकारी रुग्णालय.

विषय : पतीच्या मेंदूची एमआरआय चित्रे त्यांच्याच डॉक्टरांना मिळण्याबाबत.
संदर्भ : खिडकी क्र. ४ वरील तीन तोंडी नकार. (लेखी नकार द्यायलाही नकार मिळाला.)

महोदय,

१. माझे पती शिंपी आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्या डोक्यात पाणी साचते. ते कसे वाढते याच्या अभ्यासासाठी आपल्या विभागाने दीड वर्षात त्यांच्या मेंदूची तीनदा चित्रे काढली. आता दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणतात, तिन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली तरच नळी घालून पाणी काढायचे का ते ठरवता येईल. उशीर झाला तर गेलेले परत येणार नाही. चित्रे तिसऱ्या मजल्यावर, डॉक्टर दुसऱ्यावर. मध्ये सतरा पायऱ्या आणि आपला नियम.

२. नियम असा की, रुग्णाने स्वतः खिडकीवर येऊन स्वतःच्या तोंडाने कारण सांगावे. बायकोचे चालत नाही. महोदय, या आजारात माणूस विसरतो, हे आपल्याच माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक छापले आहे.

३. मास्तरांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, तरी तीनदा आणले. घरापासून कारण घोकून घेतले. खिडकीशी पोचताच त्यांनी आपल्या लिपिकांना विचारले, "ट्रायलला कधी येताय?" तिसऱ्या खेपेला मी मागून कुजबुजले, तर लिपिक म्हणाले, "काकू, पढवायचं नाही हं." घरी जाऊन मी रडले. हे अर्जात लिहायचे नसते, तरी लिहिते.

४. शेवटी दया येऊन लेखी कारणाचा फॉर्म दिला. मास्तरांनी तो स्वहस्ते भरला. 'विषयाशी संबंध नाही' म्हणून तोही परत आला.

५. लग्नाला एकतीस वर्षे झाली. माझे ब्लाउज मास्तरच शिवतात. माप कधी घ्यावे लागले नाही, त्यांना ते पाठ होते. परवा त्यांनी मला समोर उभे केले, टेप काढली आणि म्हणाले, "ताई, जरा सरळ उभ्या राहा." मी उभी राहिले.

चित्रे माझ्या हाती देऊ नका. शिपायाकरवी खाली पाठवा. डॉक्टर सोमवारपर्यंत थांबले आहेत, पाणी थांबलेले नाही.

उरलीसुरली नम्रता गोळा करून,
अर्जदार
(मास्तरांची बायको)
शुक्रवार, खिडकी बंद होताना

सोबत :
१. डॉक्टरांची चिठ्ठी.
२. परत आलेला फॉर्म. कारणाच्या रकान्यात मास्तरांच्या अक्षरात : 'छाती ४०, बाही २४, डावा खांदा अर्धा इंच उतरता.' मापे आपल्या लिपिकांची आहेत. खिडकीतून नुसत्या नजरेने घेतलेली. टेप लावून पाहावी.