सगुणाची शाळा आणि भावजींचा गोठा

लिहून ठेवते मी बयाबाई, कैलासवासी हैबती यांची बायको, राहणार पाली. माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळीच दोन भांडणं जिंकली. कुणी धाक घातला नाही, कुणी पढवलं नाही. अक्षर वाकडं आहे, पण माझंच आहे. नात सगुणा हिच्या शाळेत मागं बसून शिकले.

राहतं घर मी माझ्या पाटल्या मोडून माझ्या नावावर घेतलं. दीर रखमाजी सांगत फिरतात की म्हातारी गेली की पडवीत म्हशी बांधू. न्हाई बांधायच्या. घर, पडवी, परस, समदं सगुणाला दिलं आहे, शाळेसाठी.

का, तेही लिहिते. सगुणाला आईबाप नव्हते. नवव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी अंगावरच्या लुगड्यानिशी परत धाडली. भावजी म्हणाले, "वैनी, पांढऱ्या पायाची पोर हाय, गुरांमागं लावा." मी तिला पुण्याला नेलं. मुलींच्या बोर्डिंगात म्या दळणं दळली, ती शिकली. मास्तरीण झाली, मग मोठ्या शाळेची हेडबाई. साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलायची. मला एक अक्षर कळायचं नाही, तरी दाराआड उभी राहून ऐकायचे. लई गोड वाटायचं.

मग ती नोकरी सोडून हितं आली. म्हणाली, "आज्जे, आपल्या पोरांना दोन्ही भाषा याव्यात. आधी मराठी घट्ट, मग इंग्रजी." झालं! भावजींनी गावभर उठवलं की ही पोरं बाटवणार. आमचं पाणी बंद केलं. माझे मालक वारले तेव्हा सख्खा भाऊ खांदा द्यायला आला नाही. कामथडीहून माझे भाचे पोचले, तेव्हा तिरडी उचलली. तवर मी दारात बसून होते. हे मी वर जाऊनही विसरणार नाही.

आणि परवा तपासणीचे साहेब आले, तर हेच भावजी नवा पटका बांधून पुढं! "आमच्याच घरची शाळा, साहेब." सगुणा हसली. मी न्हाई हसले.

गाय गेनबाला द्यावी, तो शाळा सारवतो. भावजींना मागच्या ओळीतली माझी जागा. अजून अंगठाच उठवतात. आले तर सगुणा शिकवील, ती माझ्यासारखी नाही.

माझ्यामागं ते म्हणतील, कागद खोटा आहे. म्हणून साक्ष त्यांच्याच घरची घेतली. त्यांची सून रतनबाई शेणाची पाटी घेऊन निघते आणि पाटी आमच्या परसात ठेवून वर्गात बसते. सही मागितली तर घाबरली. "थोरल्या आत्याबाई, मामंजी घराबाहेर काढतील."

"मग हितं राहा. घर आता सगुणाचं हाय."

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "टाक द्या."

मुक्काम पाली, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६८.

सही: बयाबाई

साक्षीदार:

कुंडलिक, टपालवाला, राहणार वेल्हे.

रतनबाई, रखमाजींची सून, राहणार पाली. सही मराठीत, आणि तिच्याच हट्टानं खाली इंग्रजीतही.