रिकाम्या फाइलींची जागा

९ नोव्हेंबर १९८५

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. आईचा गुडघा बरा आहे, फक्त जिना उतरताना तो बरा असल्याचं ती विसरते आणि मला हाक मारते. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी बसवली. सुताराने स्क्रू तिरके मारले होते, ते काढून सरळ मारले.

एरवी आईच्या पत्राखाली माझ्या दोन ओळी असतात. आज अख्खा कागद माझा पाहून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. आता ठीक आहे, असं लिहायला हवं.

तू पत्रं खोलीवरच्या मैत्रिणीला वाचून दाखवतेस असं आई म्हणाली. ती इतिहास शिकते, म्हणून तिच्यासाठी थोडं फोडून सांगतो. तू जांभया देऊ नकोस.

छापखान्यातल्या यंत्राला, म्हणजे कॉम्प्युटरला, डिरेक्टरी (फाइली ठेवायची खोली) एका दमात बनवता येत नाही. आधी रिकामा सांगाडा उभा राहतो. मग त्यात दोन नोंदी घालायच्या: एक टिंब म्हणजे ‘मी स्वतः’ आणि दोन टिंबं म्हणजे ‘माझ्या वरची’. हे सगळं करायला एक छोटा प्रोग्राम आहे. मध्येच वीज गेली तर अर्धवट, टिंबांवाचूनची डिरेक्टरी मागे उरते. काढायचा प्रोग्राम वेगळा. तो आधी आत बघतो. दोन टिंबांखेरीज काही दिसलं तर हात लावत नाही. काही नसेल तरच टिंबं पुसतो आणि शेवटी बाहेरचं, दारावरच्या पाटीसारखं नाव.

सर्वाधिकाराचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो, त्याला या प्रोग्रामांची गरज नसते. तो थेट नाव जोडू शकतो, थेट तोडू शकतो, आणि यंत्र एका शब्दाने विचारत नाही. मी तसंच करत आलो. मॅन्युअल वाचून, कोणाच्याही हाताखाली न शिकता, हे मला जमलं याचा मला अभिमान होता. तो तू जाणतेसच.

बुधवारी औषधांच्या कोशाची छपाईसाठी लागणारी शेवटची फिल्म काढायची होती. सकाळी डिस्कवर जागा करायला बसलो. ‘कच्चे’ नावाची डिरेक्टरी मीच उन्हाळ्यात चाचणीसाठी बनवली होती. रिकामीच असणार. बाहेरचं नाव तोडलं आणि चहा प्यायला गेलो.

परत आलो तर टायपिंगच्या बाई स्क्रीनसमोर उभ्या. “दादा, माझं ‘कच्चे’ कुठे गेलं?”

“तुमचं कसं? ते माझं होतं.”

“तुम्ही वापरत नव्हता. डॉक्टरांनी तपासून दिलेली सगळी प्रकरणं दिवाणखान्यात पाहुणे बसवावेत तशी तिथे बसवली होती. छापायला तीच घ्यायची.”

मी म्हणालो, “बघतो.” त्या म्हणाल्या, “बघतो म्हणजे काय? आहे की नाही?”  टेपवर उतरवून ठेवलेली राखीव प्रत जुनी होती, डॉक्टरांच्या दुरुस्त्यांच्या आधीची. डोसचे आकडे जुने छापले गेले असते तर काय, हे मी तुला सांगायला नको. बाईंनी पदर खोचला आणि त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग डोकं थोडं थाऱ्यावर आलं. एखाद्या वस्तूकडे किती नावं बोट दाखवतात, याचा यंत्र हिशेब ठेवतं. तो शून्यावर आला की जागा मोकळी. मी बाहेरचं नाव तोडलं होतं, पण आतली टिंबं पुसायचा कंटाळा केला होता. म्हणजे ‘कच्चे’ अजून स्वतःचं नाव स्वतःच धरून बसली असणार. दार नाही, पण खोली शाबूत. माझ्या अर्धवट कामामुळे ती वाचली, हे बाईंना सांगितलं नाही. तुला सांगतो आहे.

सगळ्यांना यंत्रावरून उठवलं, डिस्क तपासायचा प्रोग्राम लावला. तो शांतपणे फिरला आणि विचारता झाला: बेवारस डिरेक्टरी सापडली, जोडू का?

बोट ‘हो’वर ठेवलं आणि तिथेच थांबलो. कारण असं सापडलेलं तो एकाच ठिकाणी ठेवतो, ‘हरवले-सापडले’ नावाच्या डिरेक्टरीत. ती आधीपासून असावी लागते, आणि तिच्यात जागाही आधीपासून करून ठेवावी लागते. नसेल तर तो माफी मागून पुढे जातो.

ती तू मे महिन्यात, सुट्टीत छापखान्यात येत होतीस तेव्हा, केली होतीस. शंभर रिकाम्या फाइली बनवल्यास आणि सगळ्या पुसल्यास, नुसती जागा राहावी म्हणून. मी मालकांसमोर म्हणालो होतो, “कॉलेजात हेच शिकवतात का? बनवा आणि पुसा?” त्यावर तू म्हणालीस, “बाबा, तुम्ही काढताना आत बघत नाही, म्हणून करते आहे.” आणि मी जे बोललो ते लिहीत नाही. तू सुट्टी अर्धी टाकून गेलीस. तेव्हापासून माझ्या त्या दोन ओळी.

‘हो’ दाबलं. जोडली गेली. तिचं नाव गेलं होतं, नुसता क्रमांक उरला होता, पण आत सगळी प्रकरणं होती. बाईंनी एकेक उघडून बघितलं, माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. बरोबरच केलं. मग म्हणाल्या, “आता चहा प्या, मघाशी प्यायलात तो वाया गेला.”

मालकांनी विचारलं, ही जागा कुणी करून ठेवली होती? मी म्हणालो, “मुलीने. मी नको म्हणत होतो.”  मला ओझं उतरल्यासारखं वाटलं.

नवी डिरेक्टरी प्रोग्रामनेच बनवली. प्रकरणं एकेक हलवली आणि क्रमांकाची डिरेक्टरी काढायला दिली, तीही प्रोग्रामनेच. त्याने नकार दिला. रिकामी नाही म्हणाला. मला वाटलं, याचं काहीतरी चुकतंय. मग आत बघितलं. लहान मुलांच्या औषधांचं प्रकरण आतच राहिलं होतं.

सुट्टीत ये. छापखान्यातली माझ्या शेजारची तुझी खुर्ची तू गेल्यावर मी भिंतीकडे सारली होती, ती परत जागेवर आणली आहे.

काढण्याआधी आत बघणारा,
तुझा बाबा