रेमंडला घर मिळेल, कोंबडा मिळणार नाही

मी, हिल्डा शर्टक्लिफ, वय वर्षे शहात्तर, अविवाहित (स्वखुशीने), राहणार शेफील्ड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. आज सोमवार आहे. आमच्या कात्र्या-सुऱ्या बनवणाऱ्यांच्या आवारात सोमवारी काम न करण्याची रीत माझ्या आजोबांच्याही आधीपासूनची, त्यामुळे लिहायला वेळ आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. शेजारच्या विल्फ डंगवर्थचे याबाबत वेगळे मत आहे, ते त्याने आपल्यापाशी ठेवावे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी सांगितले तर ते खोटे समजावे.

पॅशली वकिलांनी थोडक्यात लिहायला बजावले आहे. तेवढे मला जमणार नाही.

१. माझे राहते घर, त्यातील सामान आणि परसातली जागा माझी बहीण मेबेल हिचा मुलगा रेमंड याला द्यावी. रेमंड चांगला मुलगा आहे. माझे खुब्याचे हाड मोडले तेव्हा त्यानेच मला गाडीत घालून दवाखान्यात नेले. रोज संध्याकाळी येऊन बसला, माझ्यासाठी द्राक्षे आणली आणि गप्पांच्या नादात स्वतःच खाल्ली. पुढे त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे, ते वाचताना त्याने हे कलम ध्यानात ठेवावे.

२. बँकेतल्या पैशातून माझ्या दफनाचा खर्च करावा. दफन सोमवारीच करावे, म्हणजे कोणाचे काम बुडणार नाही. उरलेल्या पैशातून कोपऱ्यावरच्या पबमध्ये सगळ्यांना बिअर आणि डुकराच्या मांसाचे पॅटिस द्यावेत. भाषणे नकोत. पाद्र्यांना बोलायचेच असेल तर पॅटिस गरम असेपर्यंत बोलावे.

३. विल्फ डंगवर्थ याला काहीही देऊ नये. विल्फ सहाणेवर पात्यांना धार काढतो, आणि त्याच्यासारखी धार या शहरात कोणी काढत नाही, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहिते. परंतु गेल्या नाताळात मी त्याच्याकडे चहाला गेले असता त्याच्या स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या मुठीची कात्री खिळ्याला लटकलेली पाहिली. बाजारातली, परदेशातून खोकी भरभरून येते तसली.

"बेकन कापायला घेतली गं," तो म्हणाला. "तुझ्या कात्रीने बेकन कापलं असतं तर तू माझा गळा कापला असतास."

"मग दातांनी फाडायचं होतंस."

एका महिन्यात ती कात्री बेकन चावू लागली. फेकली का? नाही. अजून खिळ्यावर आहे. ज्या मालाने आपल्या आवारातल्या चुली विझवल्या, तो माल घरात टांगून ठेवणाऱ्याला माझ्याकडून फुटकी कवडी मिळणार नाही. पॅशलीसाहेब म्हणाले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला कायद्यानेच त्यातून काही घेता येत नाही. हे ऐकून मी विल्फलाच साक्षीदार नेमले आहे. कायदा आणि मी यांचे एकमत क्वचित होते.

४. माझ्या कामाच्या खोलीतील ऐरण, हातोड्या, कानशी, शेगडा, खिडकीजवळचे लाकडी बाक आणि माझी किटली, हे सर्व जीन हाउस्ली हिला द्यावे. जीन बिस्किटांच्या कारखान्यात होती. तो बंद पडला तेव्हा माझ्याकडे झाडलोट करायला आली आणि चार दिवसांत झाडू टाकून बाकावर बसली. मी तिला हाकलले नाही, कारण तिचा चहा चांगला असतो. खरे कारण पुढे येईल.

५. आता ठसा. हे कलम सावकाश वाचावे.

माझ्या आजोबांनी आपल्या कात्र्यांसाठी कोंबड्याचा ठसा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला होता. तो ठसा म्हणजे अंगठ्याएवढी पोलादी छिन्नी. तापलेल्या पात्यावर ठेवून एक घाव घातला की कोंबडा उमटतो. आजोबांनंतर बाबांकडे आणि बाबांनंतर माझ्याकडे ती आली. मोठ्या शहरांतले शिंपी नाव विचारत नाहीत, "कोंबडा आहे का?" एवढेच विचारतात.

रेमंडचा घाऊक मालाचा धंदा आहे. त्याला हा ठसा हवा आहे.

"मावशी, तुला काही करावंच लागणार नाही," त्याने मला दवाखान्यात सांगितले. "माल परदेशातून येईल. वर आपला कोंबडा. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"कसं कळणार नाही? कापड कापलं की कळेल."

"तोवर विकलेला असेल ना."

तो हे लबाडीने बोलला नाही. त्याला खरोखरच वाटते की कात्री म्हणजे दोन पाती आणि मध्ये एक स्क्रू. हे मला कसे कळले तेही लिहिते.

मी दवाखान्यात असताना लीड्सच्या शिंप्यांची ऑर्डर माझ्या बाकावर अर्धवट पडली होती. पाती ठोकून, वाकवून, एकमेकांना बसवून झाली होती. शेवटच्या पॉलिशसाठी ती सुटी केली होती आणि प्रत्येक जोडी दोऱ्याने बांधलेली होती. मावशी परत येईल तेव्हा खोली स्वच्छ दिसावी, म्हणून रेमंडने एका रविवारी सगळे आवरले. दोरे कापले, तेही माझ्याच कात्रीने. उजवी पाती एका डब्यात घातली, डावी दुसऱ्यात. बाक पुसले. वर फुलांचा गुच्छ ठेवला.

मी काठी टेकत आत आले आणि दोन्ही डब्यांत डोकावून पाहिले.

"आवडलं ना?" रेमंड म्हणाला.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिहिते. डावे पाते उजव्याच्या अंगाने वाकवलेले असते, आणि ते त्याच एका उजव्याचे असते. दुसऱ्याशी बसवले तर बंद होते, पण कापत नाही. रेमंडने सगळ्यांचे घटस्फोट करून टाकले होते. त्याला सांगितले तेव्हा तो बिचारा रडवेला झाला. "पण मावशी, ती सगळी सारखीच दिसतात गं," असे म्हणत राहिला. मला राग आला होता आणि हसूही आवरत नव्हते.

माझ्या हातांत जोर नव्हता. मी खुर्चीत बसले आणि जीन एकेक जोडी लावून माझ्या कानाशी उघडमीट करू लागली. जमलेली जोडी शेवटपर्यंत एकाच सुरात बोलते. न जमलेली मध्येच कुरकुरते. पहिल्या दिवशी मी म्हणायची, "नाही, दुसरं आण." तिसऱ्या दिवशी माझ्याआधी जीनच म्हणू लागली, "ही नाही, ही रडतेय." विल्फही येऊन बसला आणि भलत्याच जोड्या लावत राहिला. त्याला एका कानाने ऐकू येत नाही, हे तो मान्य करत नाही. आठवड्याच्या शेवटी जीन मला विचारायचीच थांबली. मी डोळे मिटून ऐकत होते, आणि तिची एकही चूक झाली नाही. मला इतका आनंद झाला की मी झोपल्याचे सोंग केले.

म्हणून कोंबड्याचा ठसा आणि त्याचे सर्व हक्क जीन हाउस्ली हिला द्यावेत. तो परदेशी मालावर एकदा बसला की वर्षभरात जीनच्या कात्रीला कोणी विचारणार नाही, आणि मग आवारात फक्त विल्फ उरेल. असे संकट मी कोणावरही आणू इच्छित नाही.

६. सही करण्यापूर्वीची पुस्ती. वरील मजकूर मी माझ्या कामाच्या खोलीत रेमंड, जीन, दोन्ही साक्षीदार आणि पॅशलीसाहेब यांच्यासमोर वाचून दाखवला. पॅशलीसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की पाचव्या कलमावरून भाचा कोर्टात जाऊ शकतो, आणि निकाल लागेपर्यंत ठसा कुलपात पडून राहील.

"जाशील का रे?" मी रेमंडला विचारले.

"माहीत नाही, मावशी," तो म्हणाला. "धंदा बरा चालला तर नाही जाणार."

उत्तर प्रामाणिक होते. म्हणून मी छिन्नी उचलली आणि तिथेच सर्व हक्कांसह जीनच्या हातात दिली. जिवंतपणी दिलेल्या वस्तूवर मृत्युपत्राचे भांडण होत नाही ना, असे वकिलांना विचारले. ते म्हणाले, नाही होत.

"अहो हिल्डाबाई, आत्ता?" जीन म्हणाली. "मग तुम्ही काय करणार?"

"ते तू सांगायचंस. ठसा ज्याचा, खोली त्याची."

तिने छिन्नी खिशात घातली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या मंगळवार आहे. आठ वाजता या. उशीर चालणार नाही."

विल्फ इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले. सबब पाचव्या कलमातील वस्तू आता माझ्या मालकीची नाही, आणि ते कलम रद्द समजावे. बाकीची कलमे कायम आहेत, तिसरे विशेषकरून.

ठिकाण: शेफील्ड
तारीख: १४ ऑक्टोबर १९८५

साक्षीदार:
विल्फ्रेड डंगवर्थ, धार काढणारा (सही निषेधासह)
डोरीन ऑक्सप्रिंग, समोरचे सँडविचचे दुकान

मृत्युपत्र करणार:
हिल्डा शर्टक्लिफ,
जीन हाउस्ली यांच्याकडे कामाला